मासळी बाजारापासून मटणाच्या दुकानापर्यंत: पृष्ठवंशी प्राण्यांची शरीररचना पुण्यात राहून कशी ताडून पाहावी

पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीररचनेची बहुतेक पाठ्यपुस्तके प्राण्यांच्या क्रमाने लिहिलेली असतात. आधी मासा, मग बेडूक, मग सरडा, पक्षी आणि शेवटी सस्तन प्राणी असा तो क्रम असतो. त्यामुळे विद्यार्थ्याला पाच प्रकारची हृदये पाठ होतात, पण दोन प्राण्यांतील दोन अवयव मुळात एकच आहेत हे कशावरून म्हणायचे, या प्रश्नावर तो अडतो. या लेखात उलटा मार्ग सुचवला आहे. एक भाग निवडावा, तो तीन-चार प्राण्यांमध्ये शोधावा, त्याचे स्थान आणि त्याची जोडणी पाहावी आणि त्याचे काम काय याचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम पाळला तर घरच्या ओट्यावरही बऱ्यापैकी गंभीर अभ्यास होऊ शकतो. त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे साहित्य पुण्याच्या बाजारात रोज विकले जाते.

कामाला शेवटी का ठेवायचे, हे गणेश पेठेतील मासळी बाजारात उभ्या उभ्या समजते. तेथे उजनी धरणातील मरळ घमेल्यात जिवंत ठेवलेली असते. पाणी जेमतेम अंगाइतके असते, तरी ती तासन्‌तास जिवंत राहते, कारण ती मधून मधून तोंड वर काढून हवा घेते. शेजारी बर्फावर रोहू पडलेला असतो. तो हवेत श्वास घेत नाही, पण पोट फाडल्यावर पाठीच्या कण्याखाली त्याची पांढरी चमकदार, मध्येच आवळलेली दोन कप्प्यांची पिशवी दिसते. तिला वाताशय म्हणतात आणि तिचे मुख्य काम माशाला पाण्यात तरंगते ठेवण्याचे आहे. आपल्या फुप्फुसाचा नातलग कोण, असे विचारले तर सहज मरळीच्या श्वसनकक्षाकडे बोट जाते. प्रत्यक्षात तो कक्ष कल्ल्यांच्या वर स्वतंत्रपणे तयार झालेला आहे आणि फुप्फुसाशी त्याचा काही संबंध नाही. रोहूचा वाताशय मात्र भ्रूणावस्थेत अन्नमार्गातूनच फुटतो, एका बारीक नळीने त्याला जोडलेला राहतो आणि तोच आपल्या फुप्फुसाशी समजात आहे. एकच काम करणारे अवयव परके निघतात आणि निराळे काम करणारे सख्खे, हे येथे एकाच फळीवर दिसते.

समजात म्हणजे समान पूर्वजाकडून आलेला, मग आज त्याचे काम कोणतेही असो. कार्यसदृश म्हणजे काम सारखे, पण उगम वेगळा. रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये या दोन संकल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या, तेव्हा त्यांच्या मनात समान पूर्वजाची कल्पना नव्हती. ते स्पष्टीकरण १८५९ नंतर, डार्विनच्या मांडणीमुळे रूढ झाले. हे लक्षात ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. समजातता आधी रचनेवरून ओळखायची असते आणि पूर्वजाचा निष्कर्ष नंतर काढायचा असतो. आधीच पूर्वज गृहीत धरला की युक्तिवाद गोल फिरू लागतो.

पायरी १: कात्री हातात घेण्यापूर्वी वंशवृक्ष काढावा

कोऱ्या कागदावर ज्या प्राण्यांची तुलना करायची आहे, त्यांचा साधा वंशवृक्ष काढावा. बाजारात मिळणाऱ्या प्राण्यांपुरता तो असा होतो. सर्वांत आधी मोरीची, म्हणजे शार्कची, कूर्चेच्या सांगाड्याची शाखा वेगळी होते. त्यानंतर, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी, रोहू, मरळ, बांगडा यांच्या किरणपर (परांना बारीक काड्यांसारख्या किरणांचा आधार असलेल्या) माशांची शाखा आपल्या शाखेपासून अलग होते. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी उभयचर आणि उरलेले चतुष्पाद विभागले जातात. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी एकीकडे सस्तन प्राण्यांकडे जाणारी आणि दुसरीकडे सरडे, मगरी, पक्षी यांच्याकडे जाणारी अशा दोन वाटा फुटतात. मगरी आणि पक्षी यांचा शेवटचा समान पूर्वज साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर बोकड आणि माणूस यांचा जेमतेम ९ ते १० कोटी वर्षांपूर्वीचा.

हा वृक्ष पाहिल्याबरोबर एक जुना गैरसमज गळून पडायला हवा. रोहू हा आपला पूर्वज नाही. तो आपल्याइतकाच आजचा प्राणी आहे आणि त्याच्या शाखेनेही आपल्याइतकीच वर्षे बदल पाहिले आहेत. मासा, बेडूक, सरडा, पक्षी, माणूस अशी शिडी मांडून प्रत्येक पायरीवर सुधारणा शोधण्याची सवय अजूनही शिकवणी वर्गांच्या टिपणांत टिकून आहे. तुलनेचे जितके नुकसान तिने केले आहे, तितके दुसऱ्या कशाने केले नसेल.

पायरी २: साहित्य निवडणे आणि मिळवणे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिल्यापासून महाविद्यालयांत बेडूक फाडणे थांबले आहे आणि ते योग्यच आहे. खाण्यासाठी आधीच विकल्या जाणाऱ्या प्राण्यांवर हा अभ्यास करण्यात तशी अडचण नाही. उलट, बेडूक, सरडा, साप, घुबड किंवा कोणताही वन्य पक्षी, मेलेला सापडला तरी, घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्यप्राण्यांची हाडे, कातडी किंवा अवयव बाळगणे हा अनेकदा गुन्हा ठरतो.

पहिल्या फेरीसाठी एक अखंड रोहू, एक गावरान कोंबडी, कोंबडीचे दोन पंजे आणि बोकडाचे चार भाग पुरेत: पाठीमागच्या नळ्या न कापलेले हृदय, फऱ्यासकट (खांद्याच्या चपट्या हाडासकट) पुढचा पाय, मागच्या पायाचा घोट्याचा सांधा आणि मुंडी. कॅम्पातील शिवाजी मार्केटमध्ये किंवा आपल्या नेहमीच्या मटणाच्या दुकानात हे सगळे मिळते, मात्र मागताना नीट सांगावे लागते. दुकानदार हृदय सवयीने चिरून कलेजीत टाकतो आणि पाये भाजून, तुकडे करून देतो. रविवारी सकाळी त्याला असल्या सूचना ऐकायला सवड नसते. सोमवारी किंवा गुरुवारी, गिऱ्हाईक कमी असताना गेले, तर तो स्वतःहून चार गोष्टी दाखवतो, आणि त्या कोणत्याही पुस्तकाइतक्या मोलाच्या असतात, कारण सांधा कोठे सुटतो हे त्याच्या सुरीला ठाऊक असते.

कोंबडी गावरानच घ्यावी, असे म्हणण्याचे कारण चवीचे नाही. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असतानाच विकली जाते, त्यामुळे तिच्या हाडांची टोके अजून कूर्चेची असतात आणि छातीच्या हाडाची उभी धार शेवटाकडे लवलवते. उकळल्यावर ही टोके सुटून येतात आणि हाड अपुरे दिसते. मात्र वाढीचा अभ्यास करायचा असेल, तर हेच वैगुण्य उपयोगी पडते. म्हणून दुसऱ्या फेरीत मुद्दाम ब्रॉयलर घेऊन दोन्हींची मांडीची हाडे शेजारी ठेवावीत.

हाडे साफ करताना मांस सुरीने शक्य तितके काढून ती मंद आचेवर, पाणी जेमतेम हलत राहील अशा उष्णतेवर शिजवावीत. प्रेशर कुकरचा मोह टाळावा, कारण त्यात कोंबडीची हाडे भुसभुशीत होतात. नंतर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात एक-दोन दिवस ठेवून चरबी काढावी आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही तास बुडवावीत. कपड्यांचे ब्लीच वापरू नये, ते हाडाचा पृष्ठभाग खाऊन टाकते. हातमोजे घालावेत, कामाचा विळी-पाट स्वयंपाकापासून वेगळा ठेवावा आणि उरलेले मांस खाण्याचा विचार करू नये.

पायरी ३: खांदा आणि पुढचा पाय

सुरुवात खांद्यापासून करावी, हाताच्या बोटांपासून नव्हे. कोळीण रोहूचे डोके कल्ल्याच्या झाकणामागून तोडते, तेव्हा छातीचे पर बहुधा डोक्याबरोबरच येतात. याचे कारण असे की माशाच्या खांद्याची हाडे कवटीच्या मागच्या भागाला थेट जोडलेली असतात. माशाला मान नसते ती याच अर्थाने. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या टिक्टालिक या प्राण्याचे जीवाश्म २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर सापडले. त्यात खांदा कवटीपासून सुटलेला आहे, डोके स्वतंत्रपणे वळू शकेल अशी मान आहे, आणि परात दंडाचे हाड व त्यापुढे दोन हाडे आहेत, पण टोकाला अजून परकिरणच आहेत.

रोहूच्या परात मात्र दंडाचे हाड शोधत बसू नये. किरणपर माशांच्या शाखेत तो भाग उरलेला नाही. त्यांच्या पराच्या मुळाशी काही आखूड हाडे आणि पुढे नुसते किरण असतात. म्हणून रोहू आणि आपण यांची तुलना खांद्यापर्यंतच नेता येते. तुलना कोठे थांबवायची हे ठरवणे हासुद्धा निष्कर्षच आहे, आणि तो वहीत तसा लिहावा.

आता बोकडाचा पुढचा पाय घ्यावा. दुकानदार तो धडापासून सोडवताना हाडावर एकही घाव घालत नाही. सुरी फऱ्याखालून स्नायूंमधून फिरते आणि पाय सुटून येतो. बोकडाला गळपट्टीचे हाड नसल्यामुळे त्याचा फरा धडाच्या सांगाड्याला फक्त स्नायूंनी बांधलेला असतो. कोंबडीत याच्या नेमके उलट असते. तेथे दोन्ही गळपट्ट्या एकत्र जुळून इंग्रजी व्ही अक्षरासारखे हाड बनते, आणि त्याशिवाय कोराकॉइड नावाचे जाड खांबासारखे हाड खांद्यापासून छातीच्या हाडावर टेकलेले असते. धावताना पुढच्या पायावर बसणारा धक्का स्नायूंत जिरवणे बोकडाला सोयीचे आहे. पंखाच्या ताणाखाली छाती दबू न देणे ही पक्ष्याची गरज आहे.

त्यानंतर कोंबडीचा पंख, बोकडाचा पाय आणि स्वतःचा हात एकाच दिशेने ठेवून हाडांची नावे घालावीत. तिन्ही ठिकाणी आधी एकच हाड आहे, ते दंडाचे हाड, म्हणजे ह्यूमरस. पुढे दोन, रेडियस आणि अल्ना. पंखाच्या मधल्या चपट्या तुकड्यात जाड हाड अल्ना असते आणि बारीक सरळ हाड रेडियस असते. भिंगातून पाहिले तर गावरान कोंबडीच्या अल्नावर ओळीने उठाव दिसू शकतात. तेथे पिसांचे देठ बांधलेले होते. बोकडात भार रेडियसवर येतो आणि अल्ना मागे कोपराचे टोक बनून रेडियसला चिकटलेली असते. त्याहून खाली बोकडाच्या पायात एकच लांब हाड दिसते, पण त्याच्या पुढच्या बाजूने जाणारी खाच आणि टोकाच्या दोन गोल कप्प्या पाहिल्या की ती मुळातली दोन हाडे, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या बोटांची तळहाताची हाडे आहेत हे कळते. दोन खुर ही तीच दोन बोटे आणि मागे लोंबणाऱ्या छोट्या नख्या म्हणजे दुसरे व पाचवे बोट. अंगठा नाहीसा झाला आहे.

पंखाच्या बाबतीत एक वाद नोंदवून पुढे जावे. कोंबडीच्या पंखात तीन बोटांचे अवशेष आहेत. ती पहिली, दुसरी, तिसरी की दुसरी, तिसरी, चौथी यावर जीवाश्मांचा पुरावा आणि भ्रूणातील मांडणी एकमेकांशी जुळत नाहीत असे दिसल्याने बराच काळ चर्चा चालली आहे. नवशिक्याने आकडे न घालता पुढचे, मधले, मागचे असे लिहिले तरी चालते.

पायरी ४: घोटा, आणि त्यातून निघणारा देवमासा

कोंबडीचा किंवा बोकडाचा गुडघा मागे वळतो असे लोक म्हणतात. जो सांधा मागे वळलेला दिसतो तो घोटा असतो आणि गुडघा वर, मांसात दडलेला असतो. हे पंजाला हात लावून पडताळावे.

कोंबडीच्या पंज्यात मोजण्याजोगी एक गोष्ट आहे. मागच्या बोटात दोन, मग आतून बाहेर जाताना तीन, चार आणि पाच पेरे असतात. कातडी सोलून प्रत्येक सांधा वाकवून पाहावा. दोन, तीन, चार, पाच हा क्रम सरड्याच्या पायातही भेटतो आणि तो सरपटणाऱ्या प्राण्यांचा जुना वारसा आहे. आपल्या अंगठ्यात दोन आणि इतर बोटांत तीन-तीन पेरे असतात. बोकडाच्या खुरांतही तीनच. सस्तन प्राण्यांची शाखा येथे वेगळी ओळखू येते.

घोट्यात पक्षी आणि सस्तन यांचा फरक आणखी खोल जातो. पक्ष्यात घोट्याची वरची हाडे तंगडीच्या हाडाला आणि खालची हाडे पावलाच्या हाडाला जुळून जातात, त्यामुळे सांधा घोट्याच्या हाडांच्या मधून वाकतो. डायनोसॉरांतही सांधा असाच होता. बोकडात पायाचे हाड घोट्याच्या पहिल्या हाडावर, म्हणजे अ‍ॅस्ट्रॅगॅलसवर, फिरते. कोंबडी आणि बोकड या दोघांच्याही पावलात लांब, एकजीव झालेले हाड आहे, दोघांनाही त्याचा फायदा धावताना होतो, पण ते दोन ठिकाणी, दोन वेळा, वेगवेगळ्या हाडांच्या जुळणीतून तयार झाले आहे.

आता बोकडाच्या मागच्या पायाचा घोटा अस्थिबंध कापून उघडावा आणि मधले चौकोनी हाड काढावे. साधारण अंगठ्याच्या पेराएवढे ते हाड तळहातावर घेऊन फिरवले की वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकालाही एक, अशा दोन खोबणीदार कप्प्या दिसतात. ही दुहेरी कप्पी समखुरी प्राण्यांची, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा यांची खूण आहे. घोड्याच्या किंवा कुत्र्याच्या अ‍ॅस्ट्रॅगॅलसला वरच्या बाजूलाच कप्पी असते.

२००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राचीन देवमाशांच्या सांगाड्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांना अजून मागचे पाय होते आणि त्यांच्या घोट्यात हेच दुहेरी कप्पीचे हाड होते. त्याआधी जनुकीय तुलनेवरून देवमासे समखुरी प्राण्यांच्या गटातले असल्याचे सुचवले जात होते, पण बऱ्याच जीवाश्मतज्ज्ञांना ते मान्य नव्हते. घोट्याच्या हाडाने तो प्रश्न जवळजवळ मिटवला. २००७ मध्ये वर्णन झालेला इंडोहायस हा मांजराएवढा खुरी प्राणी देवमाशांचा आणखी जवळचा दुवा ठरला. त्याचे अवशेष भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूमधील कालाकोट परिसरातून गोळा केलेल्या खडकांत दडलेले होते. म्हणजे बोकड घोड्यापेक्षा देवमाशाला जवळचा आहे, आणि त्याचा पुरावा मटणाच्या दुकानात पायांच्या ढिगात पडलेला असतो.

पायरी ५: एक दोरी ओढून पाहणे

शरीरक्रिया समजून घेण्यासाठी यंत्रे लागतातच असे नाही. कोंबडीच्या छातीचा मोठा स्नायू कडेने सोडवून उचलला की त्याखाली लांबट, निमुळता, वेगळा निघणारा स्नायू दिसतो. दुकानदार बोनलेस देताना तो बाजूला काढतो. तो तसाच राहू द्यावा आणि त्याच्या वरच्या टोकाची पांढरी कंडरा खांद्याकडे जाते ती बोटाने मोकळी करावी. ती कंडरा फरा, कोराकॉइड आणि गळपट्टी या तीन हाडांच्या मधल्या छिद्रातून वर जाते आणि ह्यूमरसच्या पाठीकडच्या बाजूला बांधली जाते. आता स्नायू चिमट्यात धरून मागे ओढावा. पंख वर उचलला जातो. पंख उचलणारा स्नायू पाठीवर नसून छातीखाली आहे, हे वाचून पटत नाही, पण ओढून पटते. याचा परिणाम असा की उड्डाणाचे जवळजवळ सगळे वजन शरीराच्या खालच्या भागात राहते.

रंगाकडेही लक्ष द्यावे. कोंबडीच्या छातीचे मांस फिके आणि तंगडीचे गडद असते, कारण छातीचे स्नायू झटपट आकुंचन पावून लवकर थकणारे आहेत, तर चालणाऱ्या पायांच्या स्नायूंत ऑक्सिजन साठवणारे मायोग्लोबिन जास्त असते. पारव्याची छाती मात्र गडद लाल असते, कारण तो लांब उडतो. बांगड्याच्या अंगावर बाजूने जाणारी लाल पट्टी हीसुद्धा सतत पोहण्याच्या स्नायूंची आहे. तीन प्राणी, तीन वेगळे स्नायू, एकच रसायन.

पायरी ६: हृदय

रोहूचे हृदय पोटात शोधले तर सापडत नाही. ते गळ्याखाली, दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या मधोमध, छातीच्या परांच्या जरा पुढे असते. गडद तांबडा निलय आणि त्याच्या पुढे पांढुरका फुगवटा ही त्याची खूण. अलिंद एक आणि निलय एक. त्यातून फक्त ऑक्सिजन कमी असलेले रक्त जाते, ते कल्ल्यांत शुद्ध होते आणि परत हृदयात न येता थेट शरीरात फिरते. कल्ल्यांच्या बारीक वाहिन्यांतून जाताना त्याचा दाब उतरतो. पुढचे शरीर त्या उतरलेल्या दाबावरच चालते.

बोकडाचे हृदय उभे चिरावे. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा सुमारे तिप्पट जाड असते, कारण डावा निलय पूर्ण शरीराला रक्त पुरवतो आणि उजवा फक्त फुप्फुसांना. झडपांना बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्या सुईने उचलून पाहाव्यात. मग कोंबडीचे हृदय घेऊन भिंगाखाली उघडावे. येथेही चार कप्पे आहेत, पण उजव्या बाजूच्या झडपेला त्या दोऱ्या नाहीत. ती झडप म्हणजे स्नायूची एक जाड पाळी आहे. हृदयातून निघणारी महारोहिणी बोकडात डावीकडे वळते आणि कोंबडीत उजवीकडे.

हे दोन फरक एकत्र ठेवून वंशवृक्षाकडे परत जावे. पक्षी आणि सस्तन यांच्यात ३२ कोटी वर्षांचे अंतर आहे आणि त्यांच्या मधल्या शाखांवर सरडे, साप, कासवे यांची हृदये पूर्ण चार कप्प्यांची नाहीत. त्यामुळे हृदय हा अवयव दोघांत समजात आहे, पण त्याचे चार कप्पे दोघांनी स्वतंत्रपणे मिळवले आहेत. समजातता सांगताना कोणत्या पातळीवर ती सांगतो आहोत, हे लिहिले नाही तर विधान अर्धवट राहते. वटवाघळाचा पंख आणि पक्ष्याचा पंख पुढचे पाय म्हणून समजात आहेत, पंख म्हणून नाहीत.

मगरीचे हृदय कापून पाहायची गरज नाही. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात मगर शांत पडलेली पाहताना हे लक्षात घ्यावे की तिलाही चार कप्पे आहेत, शिवाय दोन महारोहिण्या आहेत आणि त्यांना जोडणारे एक छिद्र आहे. त्यामुळे पाण्याखाली श्वास रोखलेला असताना रक्ताचा काही भाग फुप्फुसांना वळसा घालून जाऊ शकतो. बेडकाच्या तीन कप्प्यांना अपूर्ण म्हणणे याच कारणाने चुकीचे आहे. बेडूक त्वचेतूनही ऑक्सिजन घेतो, म्हणून त्वचेकडून आणि फुप्फुसांकडून आलेल्या रक्ताचे वाटप परिस्थितीनुसार बदलता येणे त्याला उपयोगाचे ठरते. सर्पोद्यानात अजगर दिसला तर गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या नख्या शोधाव्यात. मागच्या पायांचे ते उरलेले भाग आहेत.

पायरी ७: बाकीचे अवयव, थोडक्यात

फुप्फुसे पाहताना बोकडाचे स्पंजासारखे, दाबले की फुगणारे फोफस आणि कोंबडीच्या बरगड्यांत रुतून बसलेले, जवळजवळ न हलणारे गुलाबी तुकडे यांची तुलना करावी. कोंबडीत हवा पिशव्यांमधून फुप्फुसात एकाच दिशेने वाहते आणि श्वासपटल तसे नसतेच. ह्यूमरसच्या खांद्याकडच्या टोकाला जे छिद्र दिसते, त्यातून हवेच्या पिशवीचा फाटा हाडात शिरलेला असतो.

पचनसंस्थेत वजडीच्या आतील पृष्ठभागावरून कप्पे ओळखता येतात: पहिल्यात दाट बोंडे, दुसऱ्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिसऱ्यात पानांच्या थप्प्या. पाचक रस स्रवणारे खरे जठर चौथे. कोंबडीच्या पेट्याला, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड स्नायूच्या पिशवीला, सोलून काढायचे कडक पिवळे अस्तर असते आणि त्याच्या आधीचा छोटा फुगवटा हा रस स्रवणारा भाग असतो. दात नसलेल्या प्राण्याने दळण पोटात नेले आहे. मोरीचे आतडे मिळाले तर ते उभे चिरावे, आतली चक्राकार घडी आखूड आतड्यात पृष्ठभाग वाढवते.

मुंडीत मात्र थोडे रेंगाळावे. बोकडाचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा आहे. कोंबडीच्या जबड्यामागे कवटीला टेकलेले एक लहान हलते हाड आहे, ते क्वाड्रेट. कार्ल राइशर्ट यांनी १८३७ मध्ये डुकराच्या भ्रूणांवरून दाखवले की सस्तनांच्या कानातील दोन हाडे ही इतर प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्याची हाडे आहेत. क्वाड्रेट आपल्यात ऐरण झाले आणि त्याच्याशी सांधणारे खालच्या जबड्याचे हाड हातोडी झाले. त्यामुळे कोंबडीच्या कानात एकच हाड, आपल्यात तीन. कवटीच्या मागे मानेला टेकणारे उंचवटे मोजावेत: बोकडाला दोन, कोंबडीला एक. मानेचे मणके बोकडात सात आणि कोंबडीत त्याच्या जवळपास दुप्पट असतात.

पायरी ८: नोंद, मोजमाप आणि वृक्षाची परीक्षा

वहीत आडव्या ओळीत प्राणी आणि उभ्या स्तंभात गुण असा तक्ता करावा. गुण असा निवडावा की त्याचे उत्तर पाहून देता येईल, उदाहरणार्थ महारोहिणी कोणत्या बाजूला वळते, क्वाड्रेट स्वतंत्र आहे का, अ‍ॅस्ट्रॅगॅलसला खाली कप्पी आहे का. "विकसित मेंदू" असला गुण निरुपयोगी आहे. जेथे भागच नाही, तेथे "नाही" असे न लिहिता "लागू नाही" असे लिहावे, रोहूच्या घोट्याबाबत करावे लागते तसे. मग प्रत्येक गुणासाठी वृक्षावर कमीत कमी किती बदल मानावे लागतात ते मोजावे. एखादा गुण दोन दूरच्या फांद्यांवरच उगवत असेल, तर तो स्वतंत्रपणे आला असण्याची शक्यता आधी तपासावी.

लांबी वर्नियर कॅलिपरने घ्यावी, पण नुसत्या लांबीची तुलना करू नये. रेडियसची लांबी भागिले ह्यूमरसची लांबी, अशी गुणोत्तरे काढावीत, म्हणजे कोंबडी आणि बोकड यांच्यातील आकाराचा फरक आड येत नाही.

दोन जवळच्या प्राण्यांवर सराव करायचा असेल तर शेळी आणि मेंढी घ्यावीत. त्यांची हाडे इतकी सारखी असतात की पुरातत्त्वज्ञांनाही बरीच हाडे एका जातीखाली टाकता येत नाहीत, आणि अहवालांत "शेळी किंवा मेंढी" असा एकत्र गट करावा लागतो. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननासारख्या कामांत प्राण्यांच्या हाडांची ओळख हा मोठा भाग असतो, आणि ती ओळख शेवटी आधुनिक, नाव नक्की ठाऊक असलेल्या हाडांशी ताडूनच होते. म्हणून घरच्या प्रत्येक हाडावर तीक्ष्ण पेन्सिलीने किंवा पक्क्या शाईने प्राणी, डावे की उजवे, अंदाजे वय, खरेदीची तारीख आणि ठिकाण लिहावे, तोच मजकूर वहीत उतरवावा, आणि हाडे पूर्ण सुकल्यावरच डब्यात भरावीत. ओलसर हाडांना पावसाळ्यात बुरशी येते आणि मुंग्याही लागतात. उरलेले मांस दोन पिशव्यांत बांधून ओल्या कचऱ्यात त्याच दिवशी द्यावे.